चौलच्या सुईणीची गोष्ट कुणीतरी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत एक लेख आलेला की मराठी ऐतिहासिक कादंबरीला आता विषयच उरले नाहीत, तेच गड, त्याच लढाया, त्याच गादीची भांडणं. लेख चांगला होता, पण शेवटी शेवटी लिहिणाऱ्यानं एक ओळ टाकलीये की परदेशात बघा, व्हेनिसच्या ज्यू सुईणीवर आणि तिच्या धर्मापायी झालेल्या छळावर सुद्धा कादंबऱ्या निघतात आणि लोक त्या वाचतात, आपल्याकडं असलं काही नाही. ही ओळ मी दोनतीनदा वाचली, मग पेपर घडी करून ठेवला, पण ती काही डोक्यातनं जाईना म्हणून आज लिहायला बसलेय. पत्र लांब होणार आहे. जागा नसेल तर अर्धंच छापा, पण अलिबागजवळच्या चौलचा भाग तेवढा कापू नका.

मी नर्स होते. ३४ वर्षं नोकरी, सगळी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव, खटाव आणि शेवटची सात वर्षं पाटणच्या डोंगरात, म्हणजे जिथं पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की जीप अलीकडंच थांबते पण बाईच्या कळा काही थांबत नाहीत. आणि माझी आजी, आईची आई, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात सुईण होती, आम्ही मातंग समाजातले, आणि आजीच्या हातावर त्या गावची निम्मी माणसं जन्माला आली. म्हणून "आपल्याकडं असलं काही नाही" हे मला खरंच लागलं.

ज्यू माणूस मी पहिल्यांदा बघितला तो १९७६ ला पुण्यात, ट्रेनिंगला. आमच्या एक ट्यूटर होत्या, रास्ता पेठेत राहायच्या, आडनावाच्या शेवटी कर, नऊवारीतली आई, बोलणं थेट अलिबागकडचं, आम्हाला वाटलं कोकणातल्या कुणीतरी बाई. मग एकदा कळलं की या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी त्या थिअरीचा तास कधी घ्यायच्या नाहीत, पण लेबर रूममधनं बोलावणं आलं की शनिवार असो काही असो, उठून चालायला लागायच्या. आमच्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, बाई तुम्हाला शनिवारी काम चालत नाही ना, मग हे कसं चालतं. त्या म्हणाल्या, जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो, ती धर्माचीच आज्ञा आहे. पुढं कैक वर्षांनी मी हे वाचलं पण, की ज्यूंच्या मिश्ना नावाच्या जुन्या ग्रंथात चक्क लिहिलेलं आहे की शब्बाथच्या दिवशी बाळंतपण करावं, सुईणीला एका गावाहून दुसऱ्या गावाला बोलावून आणावं, नाळ बांधावी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी धर्माचा कायदा लिहिताना सुईणीला वाट काढून ठेवली, हे वाचून मला फार बरं वाटलेलं.

त्याच बाईंनी आम्हाला शिफ्रा आणि पुआची गोष्ट सांगितली. मिसरच्या राजानं हुकूम दिला की इब्री म्हणजे ज्यू बायकांना मुलगा झाला तर तिथंच मारून टाकायचा, मुलगी असली तर ठेवायची. त्या दोघी सुईणी, त्यांनी मुलं मारलीच नाहीत. राजानं बोलावून विचारलं तर म्हणाल्या, या बायका दणकट आहेत महाराज, आम्ही पोचायच्या आधीच मोकळ्या होतात. बाई ही गोष्ट सांगताना हसायच्या आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणायच्या, पोरींनो, वरनं आलेली कुठली ऑर्डर ऐकायची नाही हे या दोघींकडनं शिका. राजाचं नावसुद्धा त्या गोष्टीत दिलेलं नाही, नुसतं फारो म्हणलंय, पण सुईणींची दोघींची नावं आहेत.

आता मुद्द्यावर येते. व्हेनिसचं जे काय आहे ते खरंच आहे, त्यात मला काही कमी लेखायचं नाही. १५१६ साली तिथल्या सरकारनं सगळ्या ज्यूंना एका बेटासारख्या वस्तीत कोंडलं, तिथं पूर्वी तोफा ओतायचा कारखाना होता, त्यावरनंच घेट्टो हा शब्द आला म्हणतात. रात्री दारं बंद, आणि पहारेकऱ्यांचा पगार परत ज्यूंनीच भरायचा. बाहेर पडताना पिवळी टोपी. १५५५ ला पोप चौथा पॉल यानं फर्मान काढलं, त्यात ज्यू वैद्यांनी ख्रिश्चन पेशंटला हात लावायचा नाही हे पण होतं, १५८१ ला तेराव्या ग्रेगरीनं तेच परत बजावलं. आणि मधे १५७५ ते ७७ व्हेनिसला प्लेग, शहरातली जवळजवळ चौथा-तिसरा हिस्सा माणसं गेली. असल्या गावात एखादी ज्यू सुईण असेल, चांगल्या हाताची, आणि मध्यरात्री एखाद्या ख्रिश्चन सरदाराच्या बायकोचं मूल आडवं असेल, तर ती जाणार की नाही, गेली तर मरणार का, नाही गेली तर मरणार का, हा प्रश्न कुठल्याही लिहिणाऱ्याला खुणावणारच.

पण हाच प्रश्न, हीच वर्षं, आणि हाच पोपचा धर्म आपल्या कोकणात पण होता हो. यासाठी व्हेनिसला जायची गरजच नाही, एसटीनं अलिबाग, तिथनं रेवदंडा.

जरा सांगते. बेने इस्राएल लोकांची आठवण अशी की फार पूर्वी त्यांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. हिब्रू विसरले, पुस्तकं नाहीत, बोलणं मराठी, पण एवढं टिकवलं: शनिवार पाळायचा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, देव एकच आहे म्हणणारी शेमाची प्रार्थना, आणि ज्या माशाला खवलं आणि पर नाहीत तो खायचा नाही. सांगतात की रहाबी नावाच्या बाहेरनं आलेल्या ज्यू माणसानं बायकांपुढं मासळी ठेवली आणि बायकांनी बरोबर चालणारी आणि न चालणारी वेगळी काढली, त्यावरनं त्यानं ओळखलं की हे आपलेच. म्हणजे बघा, धर्म टिकला तो बायकांच्या चुलीपाशी. आणि इथल्या लोकांनी त्यांना कधी त्रास दिला नाही, हे ते लोक स्वतः अजून सांगतात, इस्राएलला गेलेले पण सांगतात.

आता चौल. १५२१ च्या सुमाराला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं पोर्तुगीजांना चौलजवळ किल्ला बांधायला परवानगी दिली, ते खालचं चौल म्हणजे आताचं रेवदंडा. वरचं चौल निजामशाहीचं. मधे चालत जाण्याएवढं अंतर, नारळाच्या वाड्या, आणि कुंडलिका नदीच्या पलीकडं कोर्लई, जिथं आजसुद्धा काही घरांत पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली वेगळीच भाषा बोलतात. म्हणजे एका बाजूला निजामशाही जिथं कुणी विचारत नाही तू शनिवारी घाणा का बंद ठेवतोस, आणि दुसऱ्या बाजूला १५६० पासनं इन्क्विझिशन, धर्माची चौकशी करणारं कोर्ट, बसलंय गोव्यात पण हात पोचतोय पोर्तुगीजांच्या सगळ्या ठाण्यांपर्यंत. आणि या दोन्हीच्या मधे आमची सुईण. वरच्या चौलात राहणारी शनिवार तेल्याची बायको किंवा विधवा. रात्री खालच्या चौलातनं मशाल घेऊन माणूस येतो. पोर्तुगीज अधिकाऱ्याची बायको अडलीये.

गंमत म्हणून मी हे रचत नाहीये. त्या काळात तिकडं काय चाललेलं ते बघा. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज डॉक्टर, त्याचे आईवडील स्पेनमधनं हाकललेले ज्यू, पोर्तुगालात १४९७ ला सगळ्यांना जबरदस्तीनं बाप्तिस्मा दिला त्यातले. हा १५३४ ला गोव्यात आला, आपल्या औषधी वनस्पतींवर त्यानं १५६३ ला गोव्यात पुस्तक छापलं, हिंग, धोतरा, आंबा सगळं त्यात आहे, आणि बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य पण होता आणि दोस्त पण. वरनं ख्रिश्चन, आतनं काय होतं ते त्यालाच माहीत. १५६८ ला वारला. वर्षभरानं, १५६९ ला, त्याची बहीण कातारिना हिला चोरून ज्यू धर्म पाळते म्हणून गोव्यात जाळलं. १५८० ला त्याची स्वतःची हाडं कबरीतनं उकरून काढून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, मी ट्रिपला गेलेले तेव्हा तिथं बाकावर बसून वडापाव खाल्लेला, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आता आठवलं की कसंतरी होतं.

आणि १५७० ला मुर्तजा निजामशहानं त्याच खालच्या चौलाला वेढा घातला, १५७१ पर्यंत चालला. म्हणजे कातारिनाला जाळल्याच्या दुसऱ्याच वर्षी. आता सांगा, वेढा पडलाय, तोफा चालू आहेत, आत एक बाई अडलीये आणि सुईण वेढ्याच्या या बाजूला आहे. विषय संपलेत म्हणे.

इतिहासात अशी सुईण सापडत नाही हे मला माहितीये. सापडणार कशी. सुईणीचं नाव कोण लिहून ठेवतं, आणि गोव्याचं ते कोर्ट १८१२ ला कायमचं बंद झालं तेव्हा त्याचे बहुतेक कागद पण नष्ट केले. म्हणून तर कादंबरी पाहिजे. जिथं कागद आहे तिथं इतिहासकार आहेतच.

आता तिला भीती कशाकशाची असेल हे मी सांगते, कारण हे आमच्या धंद्यातलं आहे. सुईण घरात जाते म्हणजे कुठपर्यंत जाते? भटजी ओटीपर्यंत, पाद्री बैठकीपर्यंत, वैद्य फारतर पडद्यापर्यंत. सुईण थेट अंथरुणापर्यंत. चादर कुठल्या दिवशी बदलली, चूल कुठल्या दिवशी गार आहे, रांधायला तेल वापरलंय का डुकराची चरबी, सगळं तिच्या डोळ्याला पडतं. आणि स्पेन-पोर्तुगालात चोरून ज्यू असलेल्यांना ओळखायच्या खुणा म्हणून लोकांना जे वाचून दाखवायचे ते अगदी हेच होतं, शुक्रवारी स्वच्छ कपडा घातला का, शनिवारी चूल पेटली का, डुक्कर खातात का. म्हणजे ज्या घरात ती बाळंतपण करते त्या घराचं गुपित तिच्याकडं, आणि तिचं स्वतःचं गुपित त्या घराकडं. दुसरं, मूल मरायला टेकलं आणि पाद्री पोचला नाही तर पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायची जबाबदारी चर्चनं सुईणीवरच टाकलेली असते. ज्यू सुईण ते करणार का? केलं तर स्वतःच्या देवाला काय तोंड दाखवणार, नाही केलं आणि मूल गेलं तर उद्या सकाळी कुणीतरी म्हणणारच की हिनं मुद्दाम मुलाचा आत्मा बुडवला. तिच्याकडं पुस्तक नाही, विचारायला रब्बी म्हणजे त्यांचा धर्मगुरू नाही, मिश्नात काय लिहिलंय ते तिला ठाऊकच नाही. तिला जे ठरवायचं ते त्या खोलीत, हातात मूल असताना, एकटीनं. मला वाटतं सगळी कादंबरी या एका मिनिटावर उभी राहील.

तिचा बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून कोर्टाला तिला सरळ पाखंडी म्हणून धरता येत नाही, पण ख्रिश्चनांना धर्मापासनं फितवते या कलमाखाली बाहेरच्यांना पण धरायचे. आणि फितवायला काय लागतं? आपल्याकडं बाळाच्या सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणून जागतात, कागद-लेखणी ठेवतात, बाळंतिणीच्या उशाला विळा, वेखंड. गोव्यात १७३६ ला इन्क्विझिशननं एक मोठी यादी काढली की नव्या ख्रिश्चनांनी काय काय करायचं नाही, दारात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, चोळी घालायची नाही, मीठ न घालता भात शिजवायचा नाही, आणि त्यात हे पण होतं की मूल झाल्यावर सहाव्या रात्री जागायचं नाही. बाळाच्या उशाला जागणाऱ्या आईवर कोर्टाची नजर. दिवा लावून आपलं लेकरू बघत बसली हा गुन्हा.

इथं मला नर्स म्हणून एक सांगायचंय, हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझा अंदाज आहे. नाळ घाण विळ्यानं कापली, वर राख नाहीतर शेण लावलं, की धनुर्वात. बाळ पहिले दोनतीन दिवस छान दूध ओढतं, मग पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी ओठ आवळले जातात, दूध घेत नाही, अंग धनुष्यासारखं ताठ. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी असली बाळं बघितलीत, त्यांची आई अंगणात बसलेली असायची, आणि आपल्याला काही करता यायचं नाही. आता बघा, आपली सटवाई सहाव्या रात्री आणि ज्यूंची सुंता आठव्या दिवशी, दोन्ही बरोबर त्याच दिवसांच्या आसपास जेव्हा बाळ टिकतंय का जातंय हे कळतं. त्या सुईणीला दोन्ही माहीत असणार. सहावी रात्र जागणाऱ्या मराठी बायकांत ती वाढलेली, आठवा दिवस तिच्या घरचा.

म्हणून एक विनंती, जो कुणी हे लिहील त्यानं सुईणीला देवी करू नये. तिच्या हातनं मुलं मरायची. तिला रक्त थांबवता यायचं नाही नेहमी, बाळामागनं पडणारी वार अडकली तर पोट चोळायचं, वेणी तोंडात कोंबून बाईला ओकारी आणायची, म्हणजे जोर लागून वार पडते असं म्हणायच्या, आणि नाहीच पडली तर बाई जायची. सिनेमात दाखवतात गरम पाणी आणा गरम पाणी आणा आणि मग दाराआडनं रडण्याचा आवाज, तसं नसतं. तास न् तास काही होत नाही. सुईणीचं निम्मं काम म्हणजे काही न करता बसणं, पाठ चोळणं, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना गप्प ठेवणं. आणि तिच्या हातात अडलेलं मूल ओढून काढायचा चिमटा तर अजिबात देऊ नका. तो चिमटा चेंबरलेन नावाच्या घराण्यानं काढला, ते पण धर्मापायी फ्रान्समधनं पळून इंग्लंडला गेलेले प्रॉटेस्टंट, आणि त्यांनी तो शंभर वर्षांहून जास्त काळ कुणाला दाखवला नाही, मोठ्या पेटीत झाकून न्यायचे. म्हणजे स्वतः छळ सोसलेली माणसं पण दुसऱ्याच्या जिवाची चीज लपवून ठेवतात. चौलच्या बाईकडं काय असणार, तेल. तेल्याची बायको ती, खोबरेल नाहीतर तिळाचं तेल, दोरा, विळा आणि हात. आडवं मूल बाहेरनं पोटावर तेल लावून हळूहळू फिरवायचं. माझी आजी फिरवायची. पायाळू मूल काढताना ओढायचं नाही, बाईला उकिडवं बसवून आढ्याला बांधलेला दोर हातात द्यायचा आणि मुलाला त्याच्या वजनानं येऊ द्यायचं, हे तिला कुठल्या ट्रेनिंगमधे शिकवलेलं नव्हतं.

आजीचं सांगते आता, त्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

गावात एक मोठं घर होतं, नाव नको. तिथलं बोलावणं रात्रीच यायचं आणि आजीनं जायचं परसदारानं, गोठ्यातनं. मी पाचसहा वर्षांची असेन, एकदा बरोबर नेलेलं, मला गव्हाणीपाशी बसवलं. बाळ झालं, पोरगा, सगळे खूश. पहाटे आजी बाहेर आली, हात कोपरापर्यंत माखलेले, प्यायला पाणी मागितलं. वरनं ओंजळीत ओतलं. लुगडं दिलं ते पण वरनं पदरात टाकलं, जोंधळे दिले ते पण तसेच. आणि आम्ही दाराबाहेर पडायच्या आधीच आतल्या खोलीत शेणसडा सुरू. ज्या हातांनी त्यांचा वंशाचा दिवा बाहेर काढला त्या हातांचं सारवून घेत होते. मी विचारलं, आज्जे असं का. ती म्हणली, "बाई अडली की जात कुनी इचारत न्हाई, सुटली की पयली जातच आठवती." एवढंच, आणि चालायला लागली.

दोन वर्षांनी त्याच घरातलं दुसरं बाळंतपण. मूल आडवं आणि हात बाहेर आलेला. आजी दुपारपासनं सांगत होती की बैलगाडी जुंपा, साताऱ्याला सिव्हिलला न्या, माझ्या हातचं नाही हे. घरातली सून दवाखान्यात परपुरुषापुढं कशी न्यायची म्हणून नेली नाही. मूल गेलं, सून चौथ्या दिवशी गेली. आणि गावात उठलं की म्हातारीनं काहीतरी केलं, तिची नजर वाईट, करणी केली. दोन वर्षं आजीच्या अंगणातनं दिवसा कुणी चालत गेलं नाही. आमच्या आळीतल्या पाण्यावर पण बोलणं व्हायचं. पण रात्री कंदील यायचाच. ज्यांनी करणी म्हणलं त्यांच्यातल्याच घरातनं. आणि ती जायची. मला त्या वयात तिचा राग यायचा की का जातेस. आता ३४ वर्षं नोकरी करून पण मला त्याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही, पण कुणी लिहिणारा शोधील तर चौलच्या त्या बाईत सापडेल असं वाटतं, कारण ती पण जाते ना मशालीमागं.

आजीला जाळलं नाही कुणी, कोर्ट बसवलं नाही, मी दोन्ही एका मापानं मोजत नाहीये. गोव्यात जे झालं ते जिवंत माणसाला जाळणं होतं. पण धर्म काय सांगतो म्हणून माणसाला हात लावायचा नाही आणि गरज पडली की त्याच माणसाला मध्यरात्री उठवून आणायचं, हे आमच्या उंबऱ्यावर मी डोळ्यानं बघितलंय, त्यामुळं ज्यू सुईणीची गोष्ट मला परकी वाटतच नाही. मुक्ता साळवे म्हणून आमच्याच समाजातली १४ वर्षांची मुलगी, फुल्यांच्या शाळेत शिकलेली, तिनं १८५५ ला ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात निबंध लिहिला, त्यात तिनं हेच विचारलंय की आमचा धर्म कुठला ते तरी देवा सांग, आणि त्याच निबंधात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी पावसात त्यांचं काय होत असेल. धर्म आणि बाळंतपण एका निबंधात, १४ व्या वर्षी. आणि जिच्या शाळेत ती शिकली त्या सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या. १८६३ ला पुण्यात फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं असेल तर ठेवून जावं. तिथं बाळंतपणाला स्वतः सावित्रीबाई असायच्या. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत पुढं डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात पोराला पाठीवर घालून नेताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. ३ जानेवारीला आपण नायगावला जातो, भाषणं होतात, शाळेचं सगळे बोलतात, पण त्या सुईण पण होत्या हे कुणी म्हणत नाही. मी एका वर्षी माईक मागितलेला त्यासाठी, वेळ नाही म्हणाले.

आणखी एक नाव राहिलं. डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्राएल, झिराड हे अलिबागजवळचं गाव. १९२८ ते ४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, बायकांच्या डॉक्टर, १९६६ ला पद्मश्री. आमच्या ट्यूटर बाई त्यांचं नाव घेताना उभ्या राहायच्या. घाणा चालवणाऱ्या शनिवार तेल्यांपासनं कामा हॉस्पिटलपर्यंत, ही एवढी मोठी गोष्ट मराठी बोलणाऱ्या माणसांची आहे आणि शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही. त्यातले बहुतेक लोक आता इस्राएलला गेलेत, तिकडं म्हातारी माणसं अजून मराठी बोलतात, मलिदा म्हणून त्यांचा एक विधी असतो त्याला पोहे-नारळ करतात. आमच्या बाई पण १९८० च्या आसपास गेल्या, जाताना मला त्यांची कात्री देऊन गेल्या, नाळ कापायची, स्टीलची. पाटणला मी तीच वापरायचे उकळून उकळून.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या दिवाळी अंकासाठी कथा मागवता तेव्हा एखाद्या वर्षी हा विषय द्या, चौलची ज्यू सुईण, साल १५७०. नवीन लिहिणाऱ्या मुलामुलींना सांगा की रेवदंड्याला जाऊन या, वरचं चौल ते खालचं चौल चालत जा, रात्री जमलं तर रात्री, म्हणजे कळेल ती किती वेळ चालली असेल आणि चालताना काय विचार करत असेल. पाद्र्याला पण नुसता राक्षस करू नका, त्याला खरंच वाटत असणार की आपण मुलाचा आत्मा वाचवतोय, तसं लिहिलं तर जास्त भीती वाटेल.

आणि बाळंतपणाचं काही विचारायचं असेल तर माझ्याकडं एक वही आहे. आजीचे आणि मी भेटलेल्या दहाबारा सुईणींचे शब्द त्यात लिहून ठेवलेत, कळांना कुठल्या वेळी काय म्हणतात, वार पडली नाही तर काय म्हणायच्या, मेलेलं मूल झालं तर आईला काय शब्दात सांगायच्या. त्यातल्या दोनतीनच आता जिवंत आहेत आणि बाळंतपणं सगळी दवाखान्यात होतात, ते चांगलंच आहे, मीच गावोगाव फिरून बायकांना दवाखान्यात आणत होते. पण शब्द जातायत. लिहिणारं कुणी आलं तर वही घरी बसून उतरवून घ्यायला देईन, झेरॉक्स पण काढून देईन. तुमच्या ऑफिसात माझा पत्ता देऊन ठेवलाय, दुपारी चारनंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
शाहूपुरी, सातारा